टॉर्चवाल्या ताईंना

नमस्कार ताई,

विचारूनही तुम्ही नाव सांगितलं नाहीत, हसून चालू लागलात, म्हणून हे उघड पत्र. त्या रात्री डोंगरउतारावरून तुम्ही आईला आणि मला खाली आणलंत. अजूनही कुणाला ते सांगायला लागले की माझा आवाज भरून येतो.

आधी थोडी तक्रार करू द्या, नाहीतर ती सलत राहील. निघताना आयोजकांनी सगळ्यांना बजावलं होतं, "जादा टॉर्च ग्रुपच्या सामानात आहेत, उगाच वजन वाढवू नका." ते सामान ज्याच्या पाठीवर, तो लीडर पुढच्या तुकडीबरोबर केव्हाच उतरून गेला. मागे पडणाऱ्यांसाठी घेतलेली वस्तू सगळ्यांच्या पुढे! माझा हेडटॉर्च शेवटपर्यंत लख्ख होता आणि अचानक विझला. हल्लीचे बरेच टॉर्च असेच. आतलं सर्किट उजेड कमी होऊ देत नाही, त्यामुळे सेल संपत आल्याचा पत्ताच लागत नाही. नवे सेल खिशात होते, पण सेल बदलायलाही उजेड लागतो. झाकण चाचपून उघडलं, अधिक-उणे बोटांनी ओळखायला गेले, तर एक सेल सुटला आणि टणटणत खाली गेला. मोबाइलमध्ये उरलेली बॅटरी एखादा फोन लागला तर म्हणून राखून ठेवायची होती.

तुमच्याआधी एक घोळका गेला. त्यांनी थेट आमच्या तोंडावर झोत मारले, "लाइट नाही का?" विचारलं, नाही म्हटल्यावर "सांभाळून या" म्हणाले आणि गेले. अंधाराला डोळे पुरते सरावायला २०-३० मिनिटं लागतात. आमचे जेमतेम सरावले होते, ते त्या झोतांनी पुन्हा आंधळे झाले. आईला समोरचा दगडही दिसेना.

आणि तुम्ही आलात त्या उजेड स्वतःच्या बुटांवर ठेवून. चार पावलं अलीकडे थांबलात, टॉर्च वळवून क्षणभर स्वतःचा चेहरा दाखवलात आणि म्हणालात, "मी एकटीच आहे, घाबरू नका." ताई, बाकी सगळं एकीकडे आणि हे एकीकडे. अंधारात टॉर्च ज्याच्या हातात, त्याला समोरचा माणूस दिसतो. समोरच्याला मात्र नुसता झगझगाट. कोण आहे, किती जण आहेत, काही कळत नाही. ती भीती तुम्ही आधी घालवलीत आणि मग काय झालं ते विचारलंत. हे कुणी तुम्हाला शिकवलं होतं की कधी तुमच्याही तोंडावर कुणी झोत मारला होता?

तुमचा एक दिवा चालू असताना सॅकच्या वरच्या कप्प्यातून दुसरा काढलात, मागची टोपी जराशी पिळलीत आणि तो लागला. सॅकमध्ये बटण दाबलं जाऊन सेल संपू नयेत म्हणून ती टोपी तुम्ही सैल करून ठेवली होती. आयोजकांच्या लांबलचक सूचनांत एवढं शहाणपण नव्हतं! वर आईला म्हणालात, "काकू, हा कमरेशी धरा, डोळ्यांपाशी नको." खरंच, डोक्यावरच्या उजेडात दगडाची सावली दगडामागेच लपते, खड्डाही सपाट वाटतो. उजेड खालून आला की सावल्या लांबतात आणि पाऊल किती खोल जाणार ते कळतं. गुहांत उतरणारे लोक प्रत्येकी ३ वेगवेगळे दिवे नेतात, हे तुम्हीच चालता चालता सांगितलंत. तेवढाच आईचा जीव रमला.

त्या घोळक्यातली माणसं वाईट असतील असं नाही. त्यांच्याकडे द्यायला दुसरा दिवा नसेल, आणि द्यायला काही नसलं की माणूस तिथून लवकर निघतो. तुम्ही तो दिवा कुण्या अनोळखी माणसासाठी घेतला नव्हता हे मला कळतं. पण तो होता, म्हणून तुम्हाला थांबता आलं. आणि थांबल्यावर तुम्ही आईच्या चालीने चाललात, एकदाही घड्याळ न बघता. सभ्य माणसं अशीच असतात बहुधा, आपण केलं ते त्यांच्या लक्षातही राहत नाही.

नंतर आयोजकांचा अभिप्रायाचा फॉर्म आला. "सर्वांत आवडलेली व्यवस्था" या रकान्यात मी तुमच्याबद्दल लिहिलंय. वाचून ते आपल्या यादीत तुम्हाला शोधत बसले असतील. बसू देत.

तुमची,
काकूंची मुलगी