पेठेतल्या जुन्या पेढ्यांवरचा भार कोण मोजणार?

महोदय,

सोलापुरात मंगळवार पेठ, चाटी गल्ली, नवी पेठ या भागांत दगड-चुन्याच्या दुमजली पेढ्या अजून उभ्या आहेत. खाली दुकान, मागे कोठार, वर बिऱ्हाड अशी त्यांची मांडणी. १८७७ मध्ये ‘जुनी गिरणी’ या नावाने ओळखली जाणारी कापड गिरणी उभी राहिली, कापडाचा व्यापार वाढला आणि कोठारांत गाठी रचल्या जाऊ लागल्या. कुठे पुढे यंत्रमाग बसले. आता वरच्या मजल्यावर शिकवणी वर्ग आणि व्यायामशाळा आहेत. वापर बदलतो हे चांगलेच आहे. कुलूपबंद पेढी वाळवी आणि गळतीने फार लवकर जाते.

काळजी भाराची आहे. राहत्या खोलीसाठी चौरस मीटरला २०० किलो भार धरतात, वर्गासाठी ३००, आणि माणसे मोकळेपणी जमतात अशा सभागृहासाठी ५००. शिवाय माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, फूटभर माती असली, की तिचेच चौरस मीटरला सुमारे ५०० किलो होतात. गळती थांबवायला जुनी माती न खरवडता नवी चढवली जाते, त्यावर हजार लिटरची टाकी ठेवली जाते. भरलेली टाकी म्हणजे एक टन, तोही जेमतेम एका चौरस मीटरवर!

छत पेलणारी लाकडी तुळई मधोमध क्वचितच मोडते. भिंतीत गेलेले तिचे टोक आधी कुजते आणि खालून काहीच दिसत नाही. तिथे हातोडीने ठोकून पाहावे. बद्द आवाज आला किंवा टोचा सहज आत गेला, तर टेकू देऊन तुळई बदलावी. चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा तर करूच नये. आतली ओल कोंडते, वर चढते, लोणा (क्षारांचा पांढरा थर) लागतो आणि दोन-चार पावसाळ्यांत गिलावा पोपड्यांनी सुटतो. एक भाग चुना, तीन भाग वाळू हेच मिश्रण तिथे योग्य. रुंद शटरसाठी कमानीचा खांब फोडला, की कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. ती बुजवून उपयोग नाही, गेलेला आधार परत द्यावा लागतो.

तीस वर्षांवरील इमारतींची संरचनात्मक तपासणी महापालिका अधिनियमाच्या कलम २६५अ नुसार बंधनकारक आहे आणि वापर बदलायलाही परवानगी लागते. महापालिकेने या दोन्हींची सांगड घालावी. जुन्या पेढीत नवा व्यवसाय सुरू होताना दाखल्यात इमारतीच्या वयाबरोबर त्या व्यवसायाचा भारही लिहिलेला असावा, आणि तपासणी करणाऱ्याने माळवदावर चढून माती किती जाड आहे ते मोजावे.

— एक स्थापत्य अभियंता, सोलापूर