गव्हाणी घुबडाच्या वतीनेही, ताई, आभार

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

काल आपलं गव्हाणी घुबड पुन्हा आपणहून वजनकाट्यावर चढलं. डॉक्टर म्हणाले, "हे ताईंना कळवा बरं." तुम्हाला फोन केलाच, पण पक्षी न धरता तपासायला आम्हाला शिकवलंत, त्याबद्दल जाहीर आभार मानायचे राहून गेले होते. जखमी पक्षी सांभाळणारी इतर मंडळीही हे वाचतील, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नायलॉन मांज्याने या घुबडाचा पंख कायमचा निकामी केला. ते पुन्हा निसर्गात सोडता येणार नाही, म्हणजे उरलेलं आयुष्य माणसांच्या सोबतीतच काढायचं. वजन, पंजे, चोच यांची तपासणी वारंवार करावी लागणार. त्यासाठी बहुतेक ठिकाणी टॉवेल टाकून पक्षी धरतात, आणि तातडीच्या उपचाराला दुसरा इलाज नसतोही. पण रोजच्या वजनासाठी?

तुम्ही पहिल्या भेटीत पिंजऱ्यात शिरलाच नाहीत. जाळीबाहेर बसून नुसतं पाहत राहिलात. फिसकारणारं, डोकं खाली घालून डुलवणारं घुबड घाबरलंय हे कुणालाही कळतं. पण अंग आक्रसून, डोळे बारीक करून ताठ उभं राहिलेलं घुबडही घाबरलेलंच असतं, हे तुम्ही दाखवलंत. लोक त्याला 'किती शांत आहे!' म्हणतात आणि फोटो काढतात.

मग मागची लाकडी पेटी कायम उघडी ठेवायला सांगितलीत. नको वाटलं की घुबडाने तिथे जावं, आणि त्याच्यामागे कुणी जायचं नाही. संध्याकाळचं पोटभर खाणं मात्र त्याला मिळणारच, काट्यावर येवो न येवो. इथे मला शंका होती. शिकारी पक्षी पाळण्याच्या जुन्या परंपरेत वजन उतरवून पक्षी कामाला लावतात. पोट भरलेलं घुबड कशाला येईल? तुमचं उत्तर साधं होतं: उपाशी पक्ष्यापुढे निवड कसली?

घुबडाला अगदी जवळचं नीट दिसत नाही, चोचीभोवतीच्या राठ, केसांसारख्या पिसांनी ते घास चाचपतं, हे मी वाचलं होतं. त्याचा उपयोग तुमच्यामुळे कळला. चिमट्यातला उंदराचा तुकडा तोंडावर न्यायचा नाही. त्या पिसांना हलकेच लागेल इतकाच धरायचा आणि थांबायचं. घेतला तर घेतला. तो तुकडा पुढे दांडीजवळ आला, मग काट्यावर.

पंज्यांची तपासणी हा तर तुमचा खास शोधच म्हणायचा (तुम्ही नाही म्हणाल, तरी). काट्याशेजारी पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची फळी लावली. घुबड तिच्यावर उभं राहिलं की आम्ही खालून तळवे पाहतो. बंबलफूटची, म्हणजे तळव्याला होणाऱ्या संसर्गाची, लाली सुरुवातीलाच दिसते आणि हात लावावा लागत नाही. दांड्यांना कृत्रिम हिरवळ गुंडाळल्यापासून तळवे छान आहेत.

काही दिवस ते येत नाही. तेव्हा आम्ही तशी नोंद करतो आणि निघून येतो. एकदा असं सलग झालं म्हणून डॉक्टरांनी नीट पाहिलं, तर घशात संसर्ग निघाला. वेळेवर सापडला.

तुमची एक ताकीद मात्र मी सगळ्यांना सांगत असते. हे सगळं फक्त न सुटणाऱ्या पक्ष्यांसाठी. झाडतोडीत सापडलेली पिंगळ्याची पिल्लं परत जाणार आहेत, त्यांना माणसाची भीती वाटलीच पाहिजे. आणि हे वाचून कुणाला घरी घुबड ठेवावंसं वाटलं तर 1972चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. नखं-पिसं मागायला येणाऱ्यांनाही मी तोच ऐकवते.

आता एक काम. नुकतंच एका डोळ्याने अधू झालेलं शृंगी घुबड आलंय. डाव्या बाजूने कुणी गेलं की दचकतं. त्याची दांडी भिंतीलगत लावावी की दाराकडे तोंड करून, ते विचारायचंय. रविवारी फोन करते.

तुमची,
केंद्रातली स्वयंसेविका