जानेवारीत अदिस अबाबाला चला

प्रिय आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर रोज बोलतो खरं, पण आई "जेवलीस का?" विचारते, बाबा "सुरक्षित आहे ना तिथे?" विचारतात आणि तेवढ्यातच फोन ठेवायची वेळ होते. म्हणून सविस्तर लिहायला बसले आहे. हेतू आधीच सांगून टाकते. येत्या जानेवारीत तुम्ही दोघांनी माझ्याबरोबर इथे, इथिओपियाच्या राजधानीत अदिस अबाबाला यावं, असं मला अगदी मनापासून वाटतंय.

आई, आधी तुझ्या जेवणाचं. परदेश म्हटलं की "मी काय खाऊ?" इथेच तुझी गाडी अडते. इथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांचा बुधवार आणि शुक्रवार उपास असतो. उपासाला मांस, अंडी तर नाहीच, दूध आणि लोणीसुद्धा वर्ज्य. ईस्टरच्या आधी तर सलग 55 दिवस हा उपास चालतो. त्यामुळे अगदी साध्या खाणावळीतही उपासाचं ताट मिळतं. 'त्सोम' एवढं म्हटलं की समोरच्याला कळतं. मासे मात्र काही जण उपासाला चालवून घेतात, तेवढं विचारून घ्यायचं.

ताटात खाली इंजेरा पसरलेला असतो. तेफ नावाचं खसखशीएवढं बारीक धान्य आहे, त्याचं पीठ आंबवून मोठ्या तव्यावर एकाच बाजूने भाजतात. वर छान जाळी पडते आणि चव आंबूस लागते. त्यावर बर्बेरे मसाल्यातली मसुराची लालभडक आमटी, हळद घातलेली पिवळ्या वाटाण्याची डाळ, कोबी-बटाटा-गाजर, पालेभाजी, बीट असे छोटे छोटे ढीग वाढलेले. आणि शिरो! हरभऱ्याचं पीठ, कांदा, लसूण, मसाला, मातीच्या भांड्यात रटरटत समोर येतं. पहिलाच घास घेतला आणि वाटलं, तू पिठलं केलंस आणि मिरचीच्या जागी दुसरंच तिखट टाकलंस. एकाच ताटात सगळे जेवतात, उजव्या हाताने. माझ्या शेजारी बसलेल्या एका आजींनी इंजेऱ्याचा तुकडा मोडला, त्यात डाळ-भाजी गुंडाळली आणि सरळ माझ्या तोंडात घास भरवला. ओळख ना पाळख. याला गुर्शा म्हणतात आणि नको म्हणायचं नसतं. मला एकदम भरून आलं.

कॉफीचं तर विचारूच नका. बाबा, तुम्ही चहाचे भक्त, पण इथे एकदा बसाच. जमिनीवर हिरवं गवत पसरतात, बाजूला ऊद जळत असतो. बाई कच्च्या बिया धुऊन कोळशाच्या शेगडीवर भाजायला घेते. बिया हिरव्याच्या तपकिरी, मग तेलकट काळ्या होतात, तडतडतात. मग ती ते धुरकट भांडं प्रत्येकाच्या नाकाजवळ आणते. वास हाताने आपल्याकडे ओढून घ्यायचा. नंतर बिया कुटून, लांब मानेच्या काळ्या मातीच्या सुरईत, म्हणजे जेबेनात, उकळतात आणि बिनकानाच्या कपांत उंचावरून ओततात. एक थेंब सांडत नाही. तीन वेळा कॉफी होते: अबोल, तोना, बरका. तिसरी घेतल्याशिवाय उठणं बरं दिसत नाही. सोबत लाह्या. तास-दीड तास जातो आणि त्या वेळात कुणालाही घाई नसते.

आता बाबा, तुमचा प्रांत. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवलात, पण इथला इतिहास आपल्या पुस्तकांत दोन ओळींपलीकडे नव्हता. 1 मार्च 1896 रोजी आदवा इथे सम्राट दुसरे मेनेलिक यांच्या फौजेने इटलीचा पराभव केला. राणी ताइतू स्वतः सैन्य घेऊन गेल्या होत्या. पियासा भागात आदवाच्या विजयाचं मोठं स्मारक-संग्रहालय 2024मध्ये उघडलंय, तिथे तुमची सकाळ कमी पडेल. पुढे 1936मध्ये इटलीने हे शहर घेतलंच. 5 मेला ते शिरले आणि 1941मध्ये बरोबर 5 मेलाच सम्राट हैले सेलासी परतले. इटलीला हुसकावणाऱ्या ब्रिटिशांच्या त्या मोहिमेत केरेनच्या घनघोर लढाईत आपली मराठा पलटणही लढली होती, हे तुम्हाला माहीत आहे का? केरेन आता इरिट्रियात आहे, तिथे जाणं होणार नाही. पण 1937मध्ये इटालियनांनी केलेल्या कत्तलीत मारल्या गेलेल्या नागरिकांचा स्तंभ इथल्या सिदिस्त किलो चौकात आहे. त्याच्यासमोर उभी राहिले तेव्हा तुमचीच आठवण झाली. तुम्ही असतात तर किती बोलला असतात.

राष्ट्रीय संग्रहालयात माणसाची प्राचीन पूर्वज मानली जाणारी ल्युसी आहे, म्हणजे तिच्या हाडांची प्रतिकृती. 1974 साली हदारला सापडलेली, 32 लाख वर्षांपूर्वीची, जेमतेम साडेतीन फूट उंचीची. इथे तिला दिन्किनेश म्हणतात. आणि एक गंमत: इथलं घड्याळ सूर्योदयापासून धरतात, सकाळचे सात म्हणजे इथला एक. वर्षाला तेरा महिने, शेवटचा पाच किंवा सहा दिवसांचा. पंचांग घेऊन बसणाऱ्या माणसाला इथे चार दिवस पुरायचे नाहीत.

सगळंच गोड आहे असं मात्र लिहिणार नाही. पियासातली जुनी घरं, दुकानं रस्ते रुंद करण्यासाठी पाडली गेलीत. नवे पदपथ, दिवे झकपक आहेत, पण त्या जुन्या वस्तीतली काही घरं तरी राखायला हवी होती, असं मला ठामपणे वाटतं. एंतोतोच्या डोंगरावर गेले, तर निलगिरीच्या दाट राईतून बायका सरपणाच्या मोळ्या पाठीवर घेऊन उतरत होत्या. मोळी बाईपेक्षा लांब, मान पार वाकलेली, हातांनी छातीवरचा दोर घट्ट धरलेला. ही झाडं मेनेलिकच्या काळात ऑस्ट्रेलियाहून आणून लावली, कारण राजधानीला जळणच उरलं नव्हतं. त्या बायकांना वाट देऊन मी बाजूला उभी राहिले. नुसतं हिंडायला आल्याची मला तेव्हा पहिल्यांदाच लाज वाटली.

सुरक्षिततेचं म्हणाल तर शहरात मी दिवसाउजेडी बिनधास्त फिरते. मेर्कातोच्या बाजारात पाकीटमार आहेत, तिथे पर्स पुढे धरायची. देशाच्या काही भागांत अशांतता आहे, म्हणून लालिबेलाच्या दगडात कोरलेल्या देवळांचा हट्ट आत्ता नको. आपण अदिसमध्येच राहू. हे शहर साडेसात हजार फुटांवर आहे, चढ चढताना दम लागतो. बाबांचं ब्लडप्रेशर आहे, म्हणून पहिले दोन दिवस नुसता आराम करायचा.

जानेवारी मुद्दाम म्हणतेय. पाऊस नसतो, हवा थंड आणि कोरडी असते आणि 19 तारखेच्या सुमारास तिमकत हा येशूच्या बाप्तिस्म्याचा मोठा सण असतो. चर्चमधले पवित्र ताबोत, म्हणजे बायबलमधल्या दहा आज्ञांच्या पाट्यांच्या प्रतिकृती, भरजरी कापडात गुंडाळून, पुजारी डोक्यावर घेऊन वाजतगाजत जान मेदाच्या मैदानावर आणतात आणि दुसऱ्या दिवशी लोकांवर मंतरलेलं पाणी शिंपडतात. आई, ते तू बघायलाच हवंस. मुंबईहून थेट विमान आहे.

एकच गोष्ट लगेच करा. इथून भारतात परतताना पीतज्वराच्या लशीचा दाखला लागतो आणि साठीनंतर ती लस देताना डॉक्टर जपून निर्णय घेतात. म्हणून याच आठवड्यात आपल्या डॉक्टरांना दोघांचे रिपोर्ट दाखवून विचारा. ते हो म्हणाले तर लस निघायच्या निदान दहा दिवस आधी घ्यावी लागेल. नाही म्हणाले तर आपण दुसरा विचार करू, त्यात जोखीम घ्यायची नाही. व्हिसा, तिकीट, हॉटेल मी बघते. बाबा, दोघांच्या पासपोर्टची मुदत तेवढी तपासून कळवा.

तुमची,
धाकटी