मोक्षमूलरांचे डेसाऊ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

६ डिसेंबर हा जन्मदिवस जवळ आला की संस्कृतचे अभ्यासक मॅक्स म्युलर ऊर्फ मोक्षमूलर यांच्यावर लेख येऊ लागतात. ‘जर्मनीत जन्म, ऑक्सफर्डमध्ये कार्य’ एवढ्यावर त्यांचे बालपण उरकलेले असते. पण १८२३ साली जर्मनी असा एक देश नव्हताच. ते जन्मले आनहाल्ट-डेसाऊ या ड्यूकच्या टीचभर राज्याच्या राजधानीत, डेसाऊत.

पटवर्धनांच्या घराण्यातून जशी सांगली, मिरज, जमखंडी फुटली, तशीच आस्कानियन घराण्याच्या आनहाल्टची १६०३ साली भावाभावांत वाटणी झाली. झेर्ब्स्टच्या पातीतली मुलगी पुढे रशियाची सम्राज्ञी कॅथरिन झाली. कोथेनच्या पातीच्या दरबारात प्रसिद्ध संगीतकार बाख १७१७ ते १७२३ संगीतप्रमुख होता. डेसाऊचा अधिपती लिओपोल्ड याने १६९८ साली चक्क एका औषधविक्रेत्याच्या मुलीशी लग्न केले आणि ते आयुष्यभर निभावले.

मला सर्वांत मोठा वाटतो तो त्याचा नातू फ्रान्झ. प्रशियाच्या सैन्यातून १७५७ मध्ये तो बाहेर पडला आणि लढायांऐवजी शाळा आणि बागा यांत रमला. त्याने बोलावलेल्या शिक्षणतज्ज्ञ बासेडोने १७७४ साली डेसाऊत नव्या पद्धतीची शाळा काढली. हे बासेडो म्हणजे म्युलर यांच्या आईचे आजोबा! वडील विल्हेल्म म्युलर कवी आणि ड्यूकच्या ग्रंथालयाचे ग्रंथपाल. संगीतकार शूबर्टने त्यांच्या कवितांना चाली लावल्या. मुलगा चार वर्षांचा होण्याआधीच ते गेले.

लाइपझिगला मुलीकडे गेले होते तेव्हा फ्रान्झची डेसाऊजवळची व्योर्लित्सची बाग पाहिली. आमची होडी संथ तळ्यातून वल्हवत नेत होते. झाडी जरा बाजूला झाली आणि एकाच नजरेत चर्चचा उंच मनोरा आणि काठावरचे गोल, बुटके सिनेगॉग (ज्यूंचे प्रार्थनास्थळ) दिसले. ते १७९० मध्ये फ्रान्झनेच ज्यू प्रजेसाठी बांधले. १९३८ मध्ये नाझी ते जाळायला निघाले, तेव्हा बागेच्या संचालकाने ते वाचवले आणि स्वतःची नोकरी गमावली. हे ऐकून मी बराच वेळ गप्प बसून होते. या बागेला कुंपण नव्हते. ती पहिल्यापासून सर्वांना खुली होती.

आस्कानियन घराण्याची सत्ता १२ नोव्हेंबर १९१८ रोजी संपली. शेवटचा ड्यूक योआखिम एर्न्स्ट १९४७ मध्ये सोव्हिएत छावणीत वारला.

ऋग्वेदावर स्वतःचे नाव ‘मोक्षमूलर भट्ट’ असे छापणाऱ्या आणि १८९८ मध्ये लोकमान्यांच्या सुटकेसाठी अर्ज करणाऱ्यांत असलेल्या या माणसाचे गाव आपल्या वाचकांना ठाऊक असायला हवे. पुढच्या डिसेंबरातल्या लेखात ‘जर्मनीत’ऐवजी ‘डेसाऊत’ छापावे आणि फ्रान्झलाही त्यात चार ओळी द्याव्यात, ही विनंती.

आपली,
एक वाचक, पुणे