रविवारी टोकन देऊ नकोस

सातारा, 11 जुलै

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालीस की पिंपरी-चिंचवडच्या पुनावळ्याचा टू बीएचके जवळजवळ ठरलाय, चौदावा मजला, 82 लाख, आणि रविवारी लाखाचं टोकन देऊन टाकणार, कारण ऑफर रविवारपर्यंतच आहे. मी बोलायला लागले की तू 'हो आई, हो आई' करतेस आणि मागे समीरचा कुकर शिट्ट्या देत असतो. म्हणून लिहिते आहे. लिहिलेलं निदान पुन्हा काढून वाचता येतं.

रविवारी टोकन देऊ नकोस. ऑफर पुढच्या रविवारीही असते. गणपतीत असते, दसऱ्याला असते, पाडव्याला तर वर चांदीचं नाणंही देतात.

दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात मी 29 वर्षं काढली, ते तुला माहीत आहे. लोक यायचे, फोटो काढायचे, अंगठा टेकवायचे आणि जाताना टेबलावर पेढे ठेवायचे. शंभर-सव्वाशे पानांचा करारनामा, पण घेणाऱ्याने त्यातली तीनच पानं पाहिलेली असायची: नावाचं, किमतीचं आणि सहीचं. एकदा एका निवृत्त मास्तरांनी मला विचारलं, "बाई, आता सरकारचा शिक्का बसला म्हणजे घर पक्कं आमचं ना?" मी 'अभिनंदन' म्हणाले. दुसरं काय म्हणणार, मागे रांग होती. खरं उत्तर असं की, अमक्या तारखेला अमक्यांनी अमक्यांना हा दस्त करून दिला, एवढंच त्या शिक्क्यात असतं. विकणारा खरा मालक आहे का, जमिनीवर कोणाचा बोजा आहे का, इमारतीला वापरायची परवानगी आहे का, याची हमी त्यात नसते. एकच फ्लॅट दोघांना विकलेला मी पाहिलाय. दोन्ही दस्त रीतसर नोंदलेले, दोघांच्या हातात पावत्या.

तेव्हा खातरजमा तुम्हालाच करायची. थोडी कागदांवर, पण त्याआधी पायांनी.

पावसाळा चालू आहे हे तुमचं नशीब. बिल्डर तुम्हाला ऑक्टोबरनंतर, छान उन्हात, एसी लावलेला सॅम्पल फ्लॅट दाखवायला बघेल. (त्या सॅम्पल फ्लॅटमधला पलंग मोजून बघ. बहुतेक वेळा तो नेहमीच्या पलंगापेक्षा आखूड असतो, आणि खोल्यांना दारंच बसवलेली नसतात, म्हणून जागा मोठी वाटते.) तू त्याच बिल्डरची पाच-सात वर्षांपूर्वी पुरी झालेली इमारत शोध आणि मोठ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी तिथे जा. आपल्याकडे पाऊस नैऋत्येकडून झोडपतो, त्यामुळे पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंती बघ. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात रंग फुगलाय का, जिन्याच्या छताला पांढरं मीठ आलंय का, लिफ्टच्या खड्ड्यात पाणी साचलंय का. विहीणबाईंना दार पूर्वेला हवंय ना, असू दे, त्यात माझं काही म्हणणं नाही. पण माझ्या मते पश्चिमेची भिंत जास्त महत्त्वाची.

मग पाणी. पिंपरी-चिंचवडमध्ये 2019 पासून नळाला दिवसाआड पाणी येतं. नव्या वस्त्यांत उरलेलं बोअरवेल आणि टँकरवर भागतं. सेल्स ऑफिसात विचारशील तर ते 'महापालिकेचं कनेक्शन आहे' म्हणतील. असेलही. तू सकाळी सहाला शेजारच्या राहत्या सोसायटीच्या गेटसमोर चहाच्या टपरीवर अर्धा तास बस आणि टँकर मोज. साधा हिशेब सांगते: माणशी रोजचे 135 लिटर धरतात. 300 फ्लॅट, घरटी चार माणसं, म्हणजे रोज 1,62,000 लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरलास तर सोळा टँकर. त्यातले किती नळातून येतात आणि किती गेटमधून, ते वॉचमनला विचार. इस्त्रीवाल्यालाही विचार, त्याला घराघरातलं ठाऊक असतं. उन्हाळ्यात मेंटेनन्स कितीने वाढतो, ते एखाद्या रहिवाशाला लिफ्टमध्ये विचार. लोक घराबद्दलची तक्रार अनोळखी माणसाला मोकळेपणाने सांगतात.

मंगळवारी सकाळी साडेआठला तिथून स्कूटरवर हिंजवडीला जाऊन बघ. पुनावळ्याच्या अंडरपासात आणि भूमकर चौकात किती वेळ जातो तो घड्याळात बघ. रविवारी दुपारी घेतलेली वेळ धरू नकोस. सेल्स ऑफिसातली ती मुलगी 'पंधरा मिनिटं' म्हणाली ना, ती वेळ रविवारचीच.

आणखी एक, आसपासच्या मोकळ्या जागा. ब्रोशरमध्ये त्या हिरव्या रंगवलेल्या असतात. महापालिकेच्या विकास आराखड्यात तिथे काय आरक्षण आहे ते बघायला कोणी जात नाही. पुनावळ्यातच कचरा डेपोच्या आरक्षणावरून लोकांना रस्त्यावर उतरावं लागलं होतं, आणि ते आरक्षण त्यातल्या बहुतेकांच्या फ्लॅटपेक्षा जुनं होतं. नदीजवळची इमारत असेल तर निळी आणि लाल पूररेषा बघ. निळी म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. 2024 च्या जुलैत सिंहगड रोडच्या एकता नगरीत पाणी शिरलं तेव्हाच्या बातम्या तुला आठवत असतील.

आता कागद. जाहिरातीवर महारेराचा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, क्यूआर कोड असतोच, तो स्कॅन करायला एक मिनिट लागतं. फक्त नोंदणी क्रमांक आहे का एवढं बघून फोन बंद करू नकोस. आत जा. ताब्याची तारीख किती वेळा पुढे ढकलली आहे, जमिनीवर कर्ज किंवा दावा दाखवलाय का, त्या बिल्डरच्या जुन्या प्रकल्पांवर तक्रारी आहेत का, हे सगळं तिथे असतं. कार्पेट एरिया तिथलाच धर. 'सेलेबल 1,050' वगैरे आकडे विसरून जा. कार्पेट म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा. आतल्या भिंती त्यात धरतात, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत. 82 लाखांना कार्पेटनेच भाग आणि मग दुसऱ्या इमारतीशी ताडून बघ.

जमिनीसाठी वकील कर, तुझा स्वतःचा. बिल्डरने दिलेला सर्च रिपोर्ट, म्हणजे जमिनीच्या जुन्या दस्तांची तपासणी, बिल्डरच्या वकिलाचा असतो. 'बँकेने प्रोजेक्ट अप्रूव्ह केलाय' हेही पुरेसं नाही, बँक आपलं कर्ज वसूल होईल का ते बघते. वकिलाला 30 वर्षांचा सर्च काढायला सांग आणि सातबाऱ्यावरचा 'इतर हक्क' रकाना नीट वाचायला सांग. कूळ, वतन, वारस, बोजा, सगळी गुंतागुंत त्या चिंचोळ्या रकान्यात असते. 'भोगवटादार वर्ग 2' असं दिसलं तर थांबायचं, कारण त्या जमिनीच्या हस्तांतरणाला सरकारची परवानगी लागते. वकिलाचे दहा-पंधरा हजार जड वाटतील. त्याहून जास्त तुम्ही सोफ्याला घालवाल.

आणि भोगवटापत्र, म्हणजे इमारत वापरायची परवानगी. इथे मला आपल्याच घराचं सांगावं लागेल, जे तुला अर्धवटच माहीत आहे. 1997 मध्ये हा फ्लॅट घेतला तेव्हा मी रोज दुसऱ्यांचे दस्त हाताळत होते. बाबांनी विचारलं होतं, "भोगवटा आलाय का?" मी म्हटलं, येईल, सगळ्यांचं असंच असतं. मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून अजिंक्यतारा दिसत होता. बास, तेवढ्यावर माझं ठरलं होतं. तीन वर्षांत समोर इमारत उभी राहिली आणि अजिंक्यतारा गेला. भोगवटा नऊ वर्षांनी आला. मधल्या काळात खालच्या काकूंचं घर विकायचं होतं, मुलीच्या लग्नासाठी, तर घेणाऱ्याला बँकेने कर्ज नाकारलं आणि त्यांना भाव पाडून द्यावं लागलं. जमीन तर 2014 पर्यंत मूळ मालकाच्याच नावावर होती. जिल्हा उपनिबंधकांकडे खेटे घालून मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे मालकाने स्वतःहून दिली नाही तरी जमीन सोसायटीच्या नावावर करायचा आदेश, करून घेतलं, तेव्हा कुठे ती सोसायटीची झाली. मी त्याच खात्याशेजारच्या खात्यात नोकरीला होते, तरी माझी ही गत.

म्हणून 'फर्निचरसाठी ताबा घ्या, भोगवटा महिनाभरात येतोय' असं कोणी म्हणालं तर किल्ली घेऊ नकोस.

पैशांचं तू एक्सेल केलंच असशील, तरी ताडून बघ. 82 लाखांवर मुद्रांक शुल्क 7 टक्के, म्हणजे 5 लाख 74 हजार. नोंदणी फी 30 हजार. बांधकाम चालू असलेल्या घराला 5 टक्के जीएसटी, 4 लाख 10 हजार. हे 10 लाख 14 हजार झाले, आणि बँक ते देत नाही. एवढ्या किमतीच्या घराला बँक किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंत, म्हणजे 65 लाख 60 हजार देईल. खिशातून साडेसव्वीस लाख. त्यात मेंटेनन्सची आगाऊ रक्कम आणि वीजजोडणी धरलेली नाही, ग्रिल आणि किचन ट्रॉली तर नाहीच. साडेआठ टक्के व्याज आणि 20 वर्षं धरली तर हप्ता 57 हजारांच्या आसपास. ताबा मिळेपर्यंत वाकडचं भाडं चालूच. यातून तुमच्याकडे सहा महिन्यांचा खर्च हाताशी उरत असेल तरच पुढे जा. सोनं मोडायचं असेल तर मला आधी सांग.

रीतसर भोगवटा मिळालेलं तयार घर घेतलंत तर जीएसटी नाही, ओल डोळ्याने दिसते, शेजारी कोण ते कळतं. मला तेच पसंत आहे. जुनं असलं तरी चालेल, फक्त शेअर सर्टिफिकेट, थकबाकी नसल्याचा सोसायटीचा दाखला आणि जमीन कोणाच्या नावावर आहे ते बघ. हस्तांतरणासाठी सोसायटीने 25 हजारांहून जास्त मागितले तर देऊ नकोस, 'डोनेशन' म्हणून मागितले तरी.

बुकिंग कुठेही करा, करार नोंदवल्याशिवाय 10 टक्क्यांपेक्षा जास्त पैसे घ्यायला बिल्डरला रेराच्या कायद्याने मनाई आहे. तुमच्याकडे 'आणखी पाच लाख आत्ता, ॲग्रीमेंट पुढच्या महिन्यात' अशी मागणी येईल. नाही म्हणायचं. पार्किंगचा नंबर आणि माप करारातच लिहून घ्या. तोंडी 'मिळेल हो मॅडम' नको. आणि ब्रोशरमध्ये दाखवलेलं करारात नसेल, तर ते मिळणार नाही असंच समजा.

नावाचं. तुझ्या एकटीच्या नावावर घेतलंस तर मुद्रांक शुल्क एक टक्क्याने कमी, 82 हजार वाचतात. पूर्वी ते घर 15 वर्षं पुरुषाला विकता येत नसे, ती अट 2023 मध्ये काढली. समीरचं नाव जोडलं की सवलत जाते. तुम्ही दोघांनी बसून ठरवा, मी मधे पडणार नाही. फक्त हप्ता दोघांच्या पगारातून जाणार असेल तर दस्तावर दोघं असावेत, असं मला वाटतं. खरेदीला हसत आलेली जोडपी सात-आठ वर्षांनी हक्कसोडपत्राला येतात तेव्हा एकमेकांकडे बघत नाहीत. 82 हजार त्यापुढे फार नाहीत.

शनिवारच्या सहाच्या एसटीने आम्ही दोघं येतोय. बाबांनी पाच रुपयांचं जुनं जाड नाणं काढून ठेवलंय. त्याने ते फरश्या वाजवून बघतात, पोकळ आवाज आला की खाली सिमेंट नीट नाही. बादली तुझ्याकडची घेऊ. बाथरूममध्ये ओतून पाणी जाळीकडे जातं की दाराकडे, तेही बघायचंय त्यांना. वाकडला एका राहत्या सोसायटीतला तयार फ्लॅट मीराच्या ओळखीने बघायला मिळतोय, दुपारी चारला. तोपर्यंत त्या सेल्सच्या मुलीचा फोन आला तर सांग, आई येतेय. तिलाही आई असेल.

थालीपीठाची भाजणी आणतेय. समीरला आशीर्वाद.

तुझी,
आई