लांडग्यांसाठी कोर्टात: वर्गणीची विनंती

नमस्कार मंडळी,

अलास्कात राहणाऱ्या आम्हा काही मराठी कुटुंबांची ही विनंती आहे: लांडगे-अस्वलांच्या हवाई कत्तलीविरुद्ध कोर्टात लढणाऱ्या संस्थेला हातभार लावा.

हिवाळ्यात बर्फावर लांडग्यांचा माग विमानातून स्पष्ट दिसतो. कळप गाठायचा आणि वरूनच गोळी घालायची. याला शिकार म्हणायला इथले जुने शिकारीही कचरतात. १९७१च्या केंद्रीय कायद्याने विमानातून शिकारीला बंदी घातली, पण वन्यजीव आणि गुराढोरांच्या ‘रक्षणासाठी’ राज्यांना परवानगीची मुभा ठेवली. सगळं त्या फटीतून चालतं. १९९६ आणि २००० मध्ये मतदारांनी विरोधात कौल दिला, विधिमंडळाने तो फिरवला. जानेवारी २००६ मध्ये कोर्टाने राज्याची लांडगे मारण्याची योजना रद्द केली. काही दिवसांत तातडीचे नियम काढून विमानं पुन्हा उडाली. २००७ मध्ये तर मारलेल्या लांडग्याच्या डाव्या पुढच्या पायामागे १५० डॉलर बक्षीस जाहीर झालं! तेही कोर्टानेच थांबवलं.

आता नैर्ऋत्य अलास्कातल्या मुलचात्ना भागातले कॅरिबू (रेनडिअर जातीची हरणं) घटलेत, म्हणून पुन्हा ‘लांडगा आला रे आला’. या वेळी अस्वलंही यादीत. २०२३च्या एका हंगामात ९४ तपकिरी अस्वलं, ५ काळी अस्वलं आणि ५ लांडगे मारले गेले. अस्वलं किती उरलीत याची पुरेशी माहिती नसताना! ‘अलास्का वाइल्डलाइफ अलायन्स’ ही वन्यजीवांसाठी लढणारी संस्था कोर्टात गेली आणि मार्च २०२५ मध्ये अस्वलांची मोहीम घटनाबाह्य ठरली. जुलैत शिकारीचे नियम ठरवणाऱ्या राज्याच्या मंडळाने, बोर्ड ऑफ गेमने, ती पुन्हा मंजूर केली. आता नवा खटला.

राज्यघटनेतलं शाश्वततेचं तत्त्व शिकारी प्राण्यांनाही लागू होतं, असं अलास्काच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्येच म्हटलंय. मुद्दा भक्कम आहे; दर वेळी नव्याने उभं राहायला पैसा लागतो. म्हणून एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा दरमहा दहा-वीस डॉलर द्या. संस्थेच्या संकेतस्थळावर थेट भरा. आमच्याकडे एक सेंटही देऊ नका, हिशेबाची कटकट आम्हाला झेपणार नाही. तुमची कंपनी देणगीइतकीच भर घालत असेल, तर तो अर्ज भरायला विसरू नका.

अलास्कात राहणाऱ्यांनी आणखी एक करावं. बोर्ड हरकती मागवेल तेव्हा स्वतःच्या शब्दांत चार ओळी लिहा आणि एवढंच विचारा: अस्वलं आणि लांडगे किती आहेत, कधी मोजले? इंग्रजी मसुदा लागला तर आम्ही बसून मदत करू.