‘नेट चालत नाही’ एवढ्यावरून काय कळणार?

महोदय,

प्रबंध सादर करण्याचे दिवस जवळ आले की विद्यापीठातल्या विभागांत एक तक्रार हमखास ऐकू येते: संगणक कक्षाचे लोक दाद देत नाहीत, तिकीट (बिघाडाची लेखी नोंद) टाकून चार दिवस झाले तरी काम होत नाही. तक्रार अगदीच खोटी नाही. माणसे कमी असतात, यंत्रे जुनी असतात. पण उशिराचे एक मोठे कारण तिकिटाच्या मजकुरातच असते आणि ते प्राध्यापकांना व संशोधक विद्यार्थ्यांना आजच्या आज दूर करता येते, म्हणून हे पत्र.

‘नेट चालत नाही’ हेच वाक्य घ्या. संगणकाच्या नेटवर्क सेटिंगमध्ये पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर पत्ते वाटणाऱ्या सर्व्हरपर्यंत यंत्र पोहोचलेलेच नाही. म्हणजे केबल सैल आहे, भिंतीतला पॉइंट बंद आहे किंवा यंत्राची नोंदणी झालेली नाही. पत्ता बरोबर आहे, पण एकही संकेतस्थळ नावाने उघडत नाही, तर डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा, पाहावी लागते. सगळे उघडते, फक्त ग्रंथालयाची नियतकालिके पैसे मागतात, तर नेट उत्तम चालू आहे. तुम्ही आवाराबाहेर आहात आणि व्हीपीएन, म्हणजे बाहेरून विद्यापीठाच्या नेटवर्कमध्ये नेणारी जोडणी, लावलेले नाही. हे तीन बिघाड दुरुस्त करणारी माणसेही बहुधा तीन वेगळी असतात. तिकिटात तो पत्ता लिहिला असता तर ते पहिल्या फेरीतच योग्य माणसाकडे गेले असते. एरवी ‘कुठले यंत्र? वायफाय की केबल?’ असे विचारण्यातच दिवस जातो.

चांगल्या तिकिटाला सहा-सात ओळी पुरतात. यंत्राचे नाव किंवा त्यावर चिकटवलेला क्रमांक, खोली, तुमचे लॉगिन नाव, बिघाड नेमका किती वाजता झाला, पडद्यावर आलेला संदेश जसाच्या तसा, त्याआधी काय बदलले, आणि दुसऱ्या यंत्रावर किंवा दुसऱ्याच्या लॉगिनने तेच होते का. वेळ लिहायला लोक विसरतात. सर्व्हरच्या नोंदी वेळेवारीच शोधल्या जातात. ‘सकाळी कधीतरी’ असे लिहिले तर हजारो ओळी चाळाव्या लागतात. संदेशाचा मजकूर कॉपी करून डकवावा, कारण मोबाइलवर काढलेल्या तिरक्या फोटोतला मजकूर शोधता येत नाही. फोटो काढायचाच तर पूर्ण खिडकी दिसू द्या. एका तिकिटात एकच काम लिहा. आणि पासवर्ड कधीही, कुणालाही लिहू नका. खरा संगणक कक्ष तो मागतच नाही.

पासवर्ड बदलल्यावरचा गोंधळ तर ठरलेला. संगणकावर नवा पासवर्ड टाकला जातो, पण खिशातल्या फोनमध्ये वायफाय आणि मेलसाठी जुनाच साठवलेला असतो. फोन तो दर काही मिनिटांनी पाठवत राहतो, चुकीच्या प्रयत्नांची मर्यादा ओलांडते आणि खाते कुलूपबंद होते. कक्षाने कुलूप काढले तरी थोड्या वेळात ते पुन्हा लागते. त्यामुळे क्रम असा ठेवावा: आधी फोन, टॅबलेट, लॅपटॉपवरून साठवलेला पासवर्ड काढा, मग तो बदला, मग एकेका उपकरणावर नवा टाका. फोनच नवा घेत असाल तर दुसऱ्या टप्प्यातल्या पडताळणीचे अ‍ॅप नव्यावर सुरू झाल्याखेरीज जुना पुसू नका. त्या अ‍ॅपचे अंक साधारणपणे दर ३० सेकंदांनी बदलतात आणि ते घड्याळावर चालतात. अंक नाकारले जात असतील तर आधी फोनची वेळ तपासा.

परिषदेला जाणाऱ्यांनी एज्युरोम, म्हणजे आपल्या संस्थेच्या खात्याने दुसऱ्या संस्थांतही चालणारे वायफाय, आपल्या आवारातच जोडून पाहावे. त्यात पासवर्डची तपासणी तुमची मूळ संस्था करते, पाहुण्या संस्थेकडे तुमचे खाते नसतेच. नाव लिहिताना ‘अ‍ॅट’ चिन्ह आणि संस्थेचा पत्ता यांसह पूर्ण लिहावे लागते. नुसते लॉगिन नाव टाकले तर आपल्या आवारात कधी कधी चालून जाते आणि परगावी हमखास अडते, तेव्हा तिथला कर्मचारी काहीही करू शकत नाही. वायफाय खरे असल्याची खूण देणारे प्रमाणपत्र न तपासता जोडण्याचा पर्यायही निवडू नये. तसे केल्यास त्याच नावाचे बनावट वायफाय तुमचा पासवर्ड पळवू शकते.

आता सर्वांत जास्त घबराट उडवणारा बिघाड. विभागातल्या लिनक्स यंत्रावर पासवर्ड बरोबर टाकला, पडदा क्षणभर काळा झाला आणि पुन्हा लॉगिनचीच चौकट आली. पासवर्ड चुकला असता तर तसा संदेश आला असता. इथे बहुतेक वेळा होम फोल्डरचा (तुमच्या स्वतःच्या फाइलींच्या फोल्डरचा) कोटा, म्हणजे ठरवून दिलेली जागा, भरलेला असतो. डेस्कटॉप सुरू होताना होममध्ये काही छोट्या फाइली लिहाव्या लागतात, त्यांना जागा उरलेली नसते, म्हणून तो उघडल्या उघडल्या बंद पडतो. अशा वेळी कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ दाबून साध्या मजकुराच्या पडद्यावर जावे, किंवा दुसऱ्या यंत्रावरून एसएसएचने (नेटवर्कवरून आज्ञा देऊन यंत्र वापरण्याच्या सोयीने) शिरावे. तिथे डीयू आज्ञेने कुठला फोल्डर किती जागा खातो ते पाहावे. बिंदूने सुरू होणारे लपलेले फोल्डर मोजायला विसरू नये, कारण चोर बहुधा तिथेच असतो: ब्राउझरचा कॅश (तात्पुरता साठा), कोंडाने (प्रोग्रॅमचे संच बसवणाऱ्या साधनाने) उतरवलेली पॅकेजेस, आणि कचरापेटी. डेस्कटॉपवरून पुसलेली फाइल कचरापेटीत असेपर्यंत कोट्यात मोजली जाते, हे अनेकांच्या गावीही नसते. कॅश आणि कचरापेटी निर्धास्त रिकामी करावी. कोंडासाठी ‘क्लीन’ ही त्याचीच आज्ञा आहे, पॅकेजेस हाताने पुसली तर प्रयोगासाठी जुळवलेली प्रोग्रॅमची मांडणी मोडू शकते. बऱ्याच ठिकाणी जागेबरोबर फाइलींच्या संख्येवरही मर्यादा असते, त्यामुळे जागा शिल्लक दिसूनही लिहिता येत नसेल तर लाखभर बारीक फाइली कुठे साठल्या आहेत ते शोधावे.

मोठ्या गणनेच्या क्लस्टरवर (एकत्र जोडलेल्या अनेक संगणकांवर) दोन चुका पुन्हा पुन्हा होतात. पहिली म्हणजे लॉगिन नोडवरच, म्हणजे ज्या संगणकातून आत शिरतो त्याच्यावरच, प्रोग्रॅम चालवणे. तो नोड सर्वांचा आहे. तिथे फाइली तयार करायच्या आणि जॉब (चालवायचे काम) रांगेत टाकायचा, एवढेच. दुसरी चूक म्हणजे मेमरी आणि वेळ अंदाजपंचे मागणे. जॉब ‘किल्ड’ एवढे म्हणून १३७ हा आकडा सोडून गेला, तर त्यातले १२८ वजा करा. उरतात ९, म्हणजे यंत्रणेने तो सक्तीने बंद केला, आणि बहुतेक वेळा कारण मागितलेल्यापेक्षा जास्त मेमरी वापरली हेच असते. मग लोक घाबरून दहापट मेमरी आणि सात दिवस मागतात आणि रांगेत ताटकळतात. स्लर्मसारखी जॉबची रांग सांभाळणारी व्यवस्था मोठ्या जॉबसाठी जागा राखून ठेवताना मधल्या फटीत लहान जॉब बसवते. सहा तासांचे काम आठ तास मागून टाकले तर ते अशा फटीत मावते, आठवडा मागितला तर मावत नाही. एक लहान जॉब आधी चालवावा, प्रत्यक्षात किती मेमरी लागली ते व्यवस्थेच्याच नोंदीत पाहावे आणि त्यावर साधारण २० टक्के जास्त मागावी.

स्क्रॅच डिस्कचा, म्हणजे क्लस्टरवरच्या तात्पुरत्या साठ्याचा, बॅकअप सहसा घेतला जात नाही आणि तिथल्या जुन्या फाइली ठरावीक मुदतीनंतर पुसल्या जातात. प्रबंधाची आकडेवारी तिथे ठेवणे धोक्याचे आहे. क्लाउडवर जुळवून ठेवलेला फोल्डर हाही बॅकअप नाही. इथे पुसले की तिथेही पुसले जाते. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या इमारतीत, हा जुना हिशेब आजही बरोबर आहे. फाइल परत हवी असेल तर तिकिटात तिचा पूर्ण मार्ग आणि ती शेवटची शाबूत पाहिल्याची तारीख लिहा.

मेलबद्दल थोडक्यात: जोडलेली फाइल पाठवताना साधारण एक तृतीयांशाने फुगते, म्हणून २५ एमबीच्या मर्यादेत १८ एमबीच्या आतलीच फाइल जाते. त्याहून मोठ्या फाइलीसाठी दुवा पाठवावा.

विभागप्रमुखांकडेही मागणे आहे. उपकरणांना जोडलेले जुने संगणक नेटवर्कवर उघडे ठेवू नका. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. उपकरणाचा ड्रायव्हर नव्या विंडोजवर चालत नसेल तर ते यंत्र वेगळ्या नेटवर्कवर घ्यायला कक्षाला सांगा आणि त्यावर मेल उघडणे बंद करा. कर्मचाऱ्याला जिन्यात गाठून काम सांगण्याची सवय वरिष्ठांनीच मोडायला हवी, कारण त्या कामाची नोंद राहत नाही आणि रांगेत थांबलेला विद्यार्थी आणखी मागे पडतो. कुठल्या कामाला किती दिवस लागतील याचा तक्ता संगणक कक्षाने लावावा, ही विद्यार्थ्यांची अपेक्षाही रास्त आहे.

आणखी एक. विद्यार्थी विभाग सोडून जातो, काही महिन्यांनी त्याचे खाते बंद होते आणि मग मार्गदर्शकांना त्याची आकडेवारी हवी असते. विभाग सोडण्याच्या अर्जात तीन रकाने वाढवा: आकडेवारी कुठल्या सामायिक फोल्डरमध्ये हलवली, प्रोग्रॅम कुठे ठेवला, आणि त्या फोल्डरची मालकी आता कुणाच्या नावावर आहे. त्याखाली मार्गदर्शकांनी स्वतः फोल्डर उघडून पाहिल्याची सही असावी, आणि ती खाते बंद होण्याच्या किमान पंधरा दिवस आधीची असावी.

आपले,
विद्यापीठ विभागांतील संगणक साहाय्य कर्मचारी